मागं वळून बघणारं हरिण

तुळजापूर, १८ एप्रिल १९६१

पाडव्याला या वहीच्या पहिल्या पानावर 'आजपासून रोज लिहीन' असं लिहिलं होतं. तेवढं लिहूनच दमले बहुतेक, कारण वही आज उघडतेय. मधल्या महिन्याचं एकदम उरकून टाकते.

मॅट्रिकची परीक्षा दिली. भूमितीच्या पेपराबद्दल न बोललेलं बरं. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत शेजारच्या म्हाळसाकाकूंकडं पूजेला येणारे इतके यजमान उतरले की निम्मे आमच्या छतावर, माळवदावर झोपले आणि सकाळी जाताना आमचा तांब्या घेऊन गेले. "देवीला आलेलं माणूस रिकाम्या हातानं कसं जाईल," एवढंच आई म्हणाली.

पेटी शिकायला घेतली होती. एक दिवस तात्या कचेरीतून आले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "सरू, आळीतनं तोंडी दरख्वास्त आलीय तुझ्या पेटीबद्दल. मंजूर करावी लागतेय." पेटी बंद झाली. तात्या तहसीलात कारकून आहेत. निजामाच्या राज्यात त्यांची सगळी नोकरी उर्दूत झाली. आता कचेरी मराठीत आली, पण आमच्या घरात अजून दरख्वास्ती येतात आणि करार होतात.

मग सायकल. दूध घालणाऱ्या बलभीमची. तो म्हणाला, "ताई, सायकल लई गुणाची हाय, फकस्त ब्रेक न्हाई. थांबायचं आसलं की भितीला लावायची." त्याप्रमाणे आळीतल्या बहुतेक भिंतींना लावून झाली.

बाकी उन्हाळी कामं. आई आणि अनसूया आत्या माळवदावर कुरडया घालतात आणि मी काठी घेऊन कावळे हाकते. मॅट्रिकपर्यंत शिकवल्याचा घराला झालेला हा पहिला फायदा.

आता मुद्द्याचं. मला जूनमध्ये उस्मानाबादला ट्रेनिंगला जायचंय. मास्तरीण व्हायचंय, स्वतःच्या पगारावर ब्रेक असलेली सायकल घ्यायचीय. आईला माझं लग्न करायचंय. तात्यांनी दोघींच्या मधे बसून करार केला: अधिक महिना लागायच्या आत लग्न ठरलं तर ठीक, नाही तर सरू ट्रेनिंगला. यंदा जेठ अधिक आहे. म्हणजे मे महिन्याच्या मध्यापर्यंत मला कुणी पसंत करता कामा नये. तसं ते अवघड नाही, पण जगात वेडे लोक पुष्कळ आहेत.

आमच्या आळीत मुलगी दाखवायची म्हणजे आधी भिंत दाखवायची. मण्यांचं तोरण, कशिद्याचे रुमाल, आणि मधोमध काच लावून चौकटीत बसवलेलं हरिण. पाहुणे चहा पितात, भिंतीकडं बघतात, नवऱ्याकडची कुणीतरी बाई विचारते, "हे कुणी केलं?" मुलीनं मान खाली घालून म्हणायचं, "मी." एवढं झालं की मुलगी कामाची.

खरी गोष्ट अशी की आळीतल्या सगळ्या भिंतींवरचं सगळं अनसूया आत्यानं केलेलं आहे. आत्या तात्यांची धाकटी बहीण. तेराव्या वर्षी लग्न झालं, पंधराव्या वर्षी परत आली. नवऱ्याचा चेहरा नीट आठवत नाही, असं एकदा म्हणाली होती. आता बत्तीस-तेहतीसची असेल. कपाळ मोकळं, लुगडं पांढरं नाही तर करडं, आणि घरात कुणी आलं की ती स्वयंपाकघरात. शुभकार्यात ती पुढं येत नाही, तिची हरणं मात्र प्रत्येक शुभकार्यात पुढं असतात. लग्न ठरलं की हरिण पुढच्या घरी जातं. म्हाळसाकाकूंच्या शांतीचं लग्न त्याच हरणावर झालं. समोरच्या लीलाचंही. लीलाच्या सासूनं सहाव्या दिवशी तिच्या हातात सुई दिली, तेव्हापासून ती बिचारी 'डोळे दुखतात' म्हणून सांगतेय.

आत्याचं हरिण नेहमी मान वळवून मागं बघतं. मी विचारलं होतं, ते पुढं का बघत नाही. म्हणाली, "मला तसंच येतं."

२१ एप्रिल

पहिला वेडा येऊन गेला.

स्थळ म्हाळसाकाकूंनी आणलं. नाव उत्तरेश्वरराव, तेरच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर, वय छत्तीस, बिजवर. बायको जाऊन चार वर्षं झाली, लेकरूबाळ नाही. मी म्हटलं, मी अठराची आहे. काकू म्हणाल्या, "पुरुषाचं वय कुणी मोजतं का गं?" मी मोजलं होतं, पण आईनं डोळे वटारले.

बरोबर त्यांचे म्हातारे चुलते होते. त्यांना तळलेल्या कुरडयांखेरीज कशातच रस नव्हता. मास्तरांना माझ्यात नव्हता. मी पोहे घेऊन गेले, नमस्कार केला, पाटावर बसले, तरी यांचे डोळे आपले भिंतीवर. मधेच उठून हरणाच्या इतकं जवळ गेले की मला वाटलं आता काचेला नाक लावतात. मुलगी बघायला आलेत का घर विकत घ्यायला, कळेना.

मग वळून त्यांनीच विचारलं, "हे कुणी केलं?"

आई माझ्याकडं बघत होती, म्हाळसाकाकू बघत होत्या. मान खाली घालायची वेळ झाली होती. तेवढ्यात मला त्यांच्या कोटाचं मधलं बटण तुटलेलं दिसलं आणि जीभ सुटली. "मी नाही केलं. मला सुई येत असती तर पोह्यांच्या आधी तुमचं बटण लावून दिलं असतं. हे आमच्या आत्यानं केलंय."

आईच्या चेहऱ्याचा रंग लिहिण्यासारखा नाही. मास्तर मात्र हसले. म्हणाले, "मी या गावात दोन घरी जाऊन आलो. दोन्ही घरी हेच हरिण होतं. दोन्ही मुली म्हणाल्या, मी केलं. मला वाटायला लागलं होतं की तुळजापुरात एकच हरिण आहे आणि ते माझ्या पुढं पुढं पळतंय."

चुलते म्हणाले, "कुरडई छान झालीय."

"आत्या कुठं आहेत?" मास्तरांनी विचारलं.

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. मग म्हाळसाकाकू म्हणाल्या, "त्या असल्या वेळी बाहेर येत नसतात." मास्तर पुन्हा पाटावर बसले आणि पोहे न संपवता उठले.

संध्याकाळी आईनं मला जे काही सुनावलं त्यातलं निम्मं खरं होतं. पण काम फत्ते. ट्रेनिंग!

२५ एप्रिल

काम फत्ते नाही. वेडा परत आला.

म्हणे छत्री विसरली होती. तेरहून उस्मानाबाद, उस्मानाबादहून इथं, दोन एसट्या बदलून माणूस छत्री न्यायला येतो का? आई देवळात, तात्या कचेरीत. मी माळवदावर कावळ्यांच्या मागं. खाली उतरले असते तर त्याच्याशी बोलावं लागलं असतं, म्हणून कठड्याआड बसून राहिले आणि वरून बघितलं.

आत्याला नाइलाजानं पाणी द्यावं लागलं. तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि दाराआड उभी राहिली. छत्री तिथंच कोपऱ्यात होती, तरी हा माणूस पाणी पिऊन बसून राहिला. मी खाली येईन म्हणून वाट बघत असणार. मग त्यानं खिशातून खडू काढला आणि ओसरीच्या फरशीवर चक्क हरिण काढलं. पुढं बघणारं. काढून झाल्यावर दाराकडं बघून म्हणाला, "मान वळवलेली काढणं जास्त अवघड असतं. तुम्ही अवघड तेवढं करता आणि सोपं सोडून देता."

तो गेल्यावर ती बाहेर आली, फडकं भिजवलं आणि पुसायला खाली बसली. मी काठी आपटत खाली आले तरी ती तशीच बसलेली. हरिण पुसलेलं नव्हतं. शिंगं मात्र तिनं बोटानं नीट करून ठेवली होती. मीच पाय फिरवून पुसून टाकलं, आईनं बघितलं असतं तर तिला मास्तरांची पसंतीच वाटली असती.

आत्या माझ्यावर चिडली. आत्या! जी मला आयुष्यात कधी 'अगं' याच्या पुढं बोलली नाही. म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं गं पुसायला?" उन्हानं डोकं दुखत असेल तिचं.

२ मे

आज माझ्या हातून जे झालं त्याबद्दल आळीत बरीच वर्षं बोललं जाईल.

म्हाळसाकाकूंनी त्यांच्या कुरडया माळवदावर न घालता आळीत बाजेवर वाळत घातल्या होत्या. मी सायकलवर उतारानं येत होते. थांबायला भिंत शोधत होते, पण भिंतीच्या आधी बाज आली. कुरडया, काकूंचं धुतलेलं लुगडं, मी आणि सायकल, सगळं एका ढिगात. काकू ओरडल्या, "मेली घोडी!" ते मला होतं का सायकलला, माहीत नाही. बलभीम धावत आला आणि आधी सायकल उचलली. "ताई, म्या सांगितलं व्हतं, भितीला लावा. ही भित हाय व्हय?"

आणि या सगळ्या सोहळ्याला आमच्या दारात कोण उभं? मास्तर! यावेळी कारण काय, तर तेरणेच्या काठी त्यांना जुन्या खापराचा तुकडा सापडला आणि त्यावर नक्षी आहे, ती 'घरच्यांना' दाखवायचीय. सुट्टीत नदीकाठी खापरं वेचत फिरायचा यांचा छंद. प्रत्येकाचं काही ना काही असतं, पण मुलगी बघायला आलेल्या घरी फुटकी खापरं घेऊन येणारा हाच.

खरचटलेल्या गुडघ्यानं मी घरात लंगडत गेले तेव्हा तो ओसरीवर होता. कोटाचं मधलं बटण आता जागेवर होतं. हिरव्या दोऱ्यानं लावलेलं. काळ्या कोटाला हिरवा दोरा! चित्रकलेचा मास्तर म्हणे. हिरवा दोरा आमच्याकडं आत्याच्या डबीत ढीगभर आहे, मागितला असता तर काळाही मिळाला असता.

आईनं म्हाळसाकाकूंना विचारलं, पसंती का नापसंती काहीच का कळवत नाहीत? काकू म्हणाल्या, "विचार करतायत. परत परत येतायत म्हणजे मुलगी मनात भरलीय." दरवेळी मी इतकी वाईट वागते, तरी भरलेच कशी? आजपासून उपाय सुरू: तो असताना मोठ्यानं हसायचं, कच्चा कांदा खायचा, नाही तर पेटी वाजवायची. पेटीला तो टिकणार नाही.

ता. क. आत्या हल्ली गुणगुणते. तिनं नवीन कापड ताणलंय आणि त्यावरचं हरिण चक्क पुढं बघतंय. मी म्हटलं, "आत्या, चुकलं गं तुझं." म्हणाली, "चुकू दे."

९ मे

मेले.

मास्तरांचा निरोप आला, शुक्रवारी चुलत्यांना घेऊन येतायत, 'एका महत्त्वाच्या गोष्टीसाठी विष्णुपंतांशी बोलायचंय.' विष्णुपंत म्हणजे तात्या. अधिक लागायला अगदी थोडे दिवस उरलेत आणि हा माणूस कराराच्या आत घुसतोय! मधे एकदा आला तेव्हा पेटी वाजवली, तरी बसून राहिला. वर म्हणाला, "सराव चालू ठेवा." आई आनंदानं रवा भाजायला लागली. तात्यांनी टोपी घातली आणि कचेरीची वाट धरली. त्यांना करार मोडता येत नाही, मला कळतं. पण त्यांनी एकदा तरी म्हणावं ना की पोरगी नको म्हणतेय!

दुपारी आत्या एकटी सापडली तेव्हा तिच्या मांडीवर डोकं घालून रडले. म्हटलं, "तू सांग ना गं त्यांना. तुझं ऐकतील ते, तुझ्या हरणांना मानतात. सांग, सरूला तुम्ही नको आहात."

तिची सुई थांबली. मग म्हणाली, "सरू, तुला ते खरंच नकोत?"

"अगं, ताटात वाढून दिले तरी नकोत."

"आई तुळजाभवानीची शपथ?"

"शपथ! दोन वेळा शपथ! मला ट्रेनिंगला जायचंय, आत्या. मला लग्नच नकोय, आणि हे तर बिलकुल नकोत. खापरंवाले."

आत्या हसली. आणि हसता हसता रडायला लागली, तोंडावर पदर घेऊन, आवाज न करता. मला जवळ घेऊन माझ्या केसांवरून इतका हात फिरवला की वेणी सुटली. माझं दुःख बघून ती इतकी रडेल असं मला वाटलं नव्हतं. या घरात माझ्यासाठी रडणारं एक तरी माणूस आहे.

१२ मे

आज लिहिलं नाही तर कधीच नीट लिहिता येणार नाही.

भिंत सजली होती. आईनं सगळं लावलं होतं, जुनं हरिण, तोरण, रुमाल. मला जरीकाठाचं नेसवलं. म्हाळसाकाकू मध्यस्थ म्हणून पुढं. चुलते आले आणि बसायच्या आधी कुरडयांची चौकशी केली. मास्तर एकदम गंभीर. त्यांचा रंग बघून मला त्यांची कीवच आली. मी मनात 'नाही म्हणेन, नाही म्हणेन' घोकत बसले.

मास्तर तात्यांना म्हणाले, "विष्णुपंत, मी एका दमात सांगतो, नाही तर सांगता येणार नाही. सरोजिनीबाईंना मी पसंत नाही, हे त्यांनी कधी लपवलेलं नाही. मी मागणी घालायला आलोय ती अनसूयाबाईंसाठी."

मला पहिल्यांदा वाटलं, अनसूया नावाची आणखी कुणीतरी मुलगी आळीत आहे. खरंच. मी आठवून बघत होते कोण ती. मग हिरवा दोरा डोळ्यांपुढं आला, आणि फरशीवरची शिंगं, आणि परवाचं रडणं. मॅट्रिक पास झालेच तर ती बोर्डाची चूक समजावी.

म्हाळसाकाकू उभ्या राहिल्या. "हे काय भलतंच! विधवा बाईला मागणी घालायला मी तुम्हाला या घरात आणलं का? देवीच्या गावात? आळीत तोंड दाखवायचं कसं आम्ही?"

आई तात्यांना म्हणाली, "अहो, सांगा ना काही! उद्या सरूला कोण करून घेईल? विधवेचं लग्न लावलेलं घर म्हणतील!" आणि मग हळू आवाजात, "वन्संना आपण काय कमी केलंय?"

ते शेवटचं वाक्य ऐकून मला आईचा राग आला आणि वाईटही वाटलं, कारण तिनं खरंच काही कमी केलेलं नाही. दर आजारपणात आत्याच्या उशाशी तीच बसलीय. आणि सरूचं काय होईल, हेही ती खोटं बोलत नव्हती. मी म्हटलं, "मला कुणी करून घेऊ नये, म्हणून तर मी महिनाभर खपतेय." कुणी लक्ष दिलं नाही.

सगळे तात्यांकडं बघत होते. तात्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. म्हणाले, "अनूचं लग्न ठरलं तेव्हा ती अंगणात गजगे खेळत होती. तिला कुणी विचारलं नाही. या वेळची मंजुरी मी देणार नाही. ज्याची त्यानं द्यायची."

आता पंचाईत अशी की आत्याला विचारायचं कुणी आणि कसं? ती स्वयंपाकघराच्या दाराआड होती, तिचा पदर दिसत होता. तात्या धाकट्या बहिणीला असं विचारणार नाहीत, आई विचारणार नाही, आणि आत्या पुरुषांसमोर आजवर एक शब्द बोललेली नाही. पदर हलतसुद्धा नव्हता. मला वाटलं, संपलं. ती आयुष्यभर तिथंच उभी राहणार आणि मी तिच्यासमोर शपथा घेत बसले होते ते वाया जाणार.

तेव्हा मास्तर उठले. भिंतीपाशी गेले, हरणासमोर उभे राहिले, आणि आमच्याकडं पाठ करून मोठ्यानं म्हणाले, "हे कुणी केलं?"

म्हाळसाकाकू फणकारल्या, "तुम्हाला माहीत नाही का?"

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "पण ते मुलीनं सांगायची रीत आहे."

चुलत्यांनी हातातली कुरडई खाली ठेवली. रस्त्यावरून बलभीम म्हशीला शिव्या देत चालला होता तेवढाच आवाज.

मग आत्या बाहेर आली. उंबरा ओलांडून, ओसरीवर, सगळ्यांच्या मधे. पदर दोन्ही हातांत गच्च धरलेला. पण मान खाली घातली नाही तिनं.

"मी केलं," ती म्हणाली.

मास्तर वळले. तिला वाटलं असेल अजून नीट ऐकू गेलं नाही, कारण ती पुन्हा बोलली, आणि बोलतच गेली. "हे मी केलं. ते तोरण मी केलं. रुमाल मी केले. लीलाच्या घरचं मी केलं. आणि म्हाळसावहिनी, तुमच्या शांतीच्या लग्नात होतं तेही मीच केलं. सगळं मी केलं. मला मंजूर आहे."

मी उठून तिला मिठी मारली. जरीकाठ कुठल्यातरी खिळ्यात अडकून फाटला. आई तोंडात पदर कोंबून आत गेली. तात्यांनी टोपी पुन्हा घालून डोळ्यांवर ओढली, पण ती टोपी लहान आहे, त्यामुळं सगळं दिसत होतं.

चुलते म्हणाले, "मग आता गोड काहीतरी आणा."

१७ मे

अधिक लागला. म्हाळसाकाकू आमच्याशी बोलत नाहीत, शिवाय त्यांनी त्यांचे रुमाल परत मागितले. आत्या म्हणाली, "कुठले तुमचे?" आळीत कुणी आत्याला हे बोलताना ऐकलं नसेल. दोन घरच्या बायका मात्र मागच्या दारानं येऊन विचारून गेल्या, जायच्या आधी एखादं हरिण करून देणार का. पोरी वाढताहेत ना.

लग्न देवळात होणार नाही, नोंदणीच्या कचेरीत होणार. महिनाभराची नोटीस लागते. तात्यांनी अर्ज स्वतः लिहिला, तीनदा फाडला. त्यांना मराठीत 'वधू' लिहून शेजारी अनूचं नाव लिहिता येत नव्हतं.

आई माझ्याशी, तात्यांशी, आत्याशी, कुणाशीच बोलत नाही. पण आज पहाटे बघितलं तर स्वयंपाकघरात तांदूळ भिजत घातलेले. अधिकात जावयाला अनारसे द्यायचे असतात. मी काही म्हणायच्या आत आई म्हणाली, "दात काढू नकोस. रागावलेय मी. पण तांदूळ आधी भिजवायला लागतात."

उस्मानाबाद, २ जुलै

पुन्हा एकदम उरकून टाकते. मी पास झाले. भूमितीत काठावर. ट्रेनिंगला नाव लागलं. आणि लग्न झालं, म्हणजे आत्याचं.

लग्नाच्या दिवशी सकाळी निघताना आत्या हिरव्या लुगड्यात तशीच उभी होती, मोकळ्या कपाळानं. स्वतःच्या हातानं कुंकू लावायचं धाडस तिला होईना आणि आळीतली एकही सवाष्ण आलेली नव्हती. आई कुंकवाची कोयरी घेऊन आली. म्हणाली, "वन्सं, इकडं बघा." तिचा हात इतका कापत होता की कुंकू आत्याच्या नाकावर सांडलं. मग दोघी एकमेकींना धरून जे रडल्या, त्यात एसटी चुकली. कचेरीत तात्यांनी साक्षीदार म्हणून सवयीनं उर्दूत सही केली, ती खोडून पुन्हा मराठीत करावी लागली.

तेरला जाताना आत्यानं भिंतीवरचं काही नेलं नाही. फक्त ते पुढं बघणारं हरिण घेतलं.

इथं माझी खोली लहान आहे आणि भिंत रिकामी. आत्याच्या डबीतला हिरवा दोरा मी चोरून आणला होता. या दोन रविवारी बोटं टोचून घेत मीही एक हरिण भरलं. खोलीतली मुलगी म्हणते, कुत्रं छान झालंय. एक पाय आखूड आहे आणि डोळा कानात गेलाय. तरी आज मी ते भिंतीवर लावलंय.

कुणी विचारलंच तर सांगेन. मीच केलंय.